तीन इंची सल्ला

माझ्या धाकट्या भावाने आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन गाडी घेतली, तेव्हा मी त्याचं तोंड भरून अभिनंदन केलं आणि घरी येऊन जेवलो नाही. बायकोला पित्ताचं कारण सांगितलं.

तशीच एक गाडी मी नऊ वर्षांचा असताना हैदराबादच्या आबिड्स भागात पाहिली होती. बाबा तिथल्या पोस्टात काउंटरवर असत. त्यांची सुट्टी होईपर्यंत मी बाहेर उभा राहून ती लांबलचक, दोन दारांची गाडी बघत होतो. भाऊ तेव्हा आईच्या कडेवर होता. पुढे मी आयटीआयमध्ये इंजिनं शिकवायला लागलो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये गेला. गाडी माझ्या मनात होती, आली त्याच्याकडे.

कुकटपल्लीत आम्ही एकाच इमारतीत राहतो. वीस वर्षांत बाबा आयटीआयमधलं माझं वर्कशॉप बघायला एकदाही आले नव्हते. आता ते रोज सकाळी पेपर घेऊन खाली उतरत, गाडीजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ‘‘धाकट्याची आहे.’’ मी स्कूटर काढताना मान खाली घालून निघून जाई.

महिन्याभरात गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला. इंजिनातून निघणारा धूर गोळा करून पाइपात सोडणारा तो बिडाचा भाग. भाऊ लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. बिडाच्या जागी त्याला नळ्यांचे हेडर बसवायचे होते, पावणेदोन इंचाहून जाड नळ्यांचे, आणि मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन इंची पाइप. शर्यतीच्या गाड्यांना तसेच असतात, असं त्याने वाचलं होतं. ‘‘दादा, तू सांगशील ते फायनल,’’ तो म्हणाला.

हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात जातं. धुराचंही तसंच. पाइप बेताचा असला की धूर वेगाने निघतो आणि जाता जाता पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेतो. पाइप अघळपघळ केला की तो वेग मरतो आणि कमी फेऱ्यांवर इंजिनाची ओढ जाते. भावाची गाडी चालणार होती सिग्नल ते सिग्नल. तिला तीन इंच म्हणजे मोठ्या माणसाचे बूट लहान मुलाला.

हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. मी म्हणालो, ‘‘घे मोठाच. इंजिन मोकळं होईल.’’

इंडस्ट्रियल एरियात पाइप वाकवून सायलेन्सर बनवणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं, भावाला विचारलं, ‘‘दौड़ाते क्या साब, की चलाते?’’ भाऊ म्हणाला, चालवतो. ‘‘तो इत्ता मोटा नक्को,’’ चाचा म्हणाले. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरकीच्या आवाजात सांगितलं की हिशेब मी केलाय. चाचांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि कामाला लागले.

गाडीला आवाज आला, जोर गेला. सिग्नलला ती अडखळत सुटायची, मागचे हॉर्न वाजवायचे. फ्लायओव्हरच्या चढावर ती हाशहुश करायची. खाली लोंबणारे हेडर प्रत्येक गतिरोधकाला घासायचे. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली आणि बाबांनी खुर्ची वर नेली. खरं सांगतो, दोन दिवस मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी भाऊ जिन्यात भेटला. गाडी विकायचं म्हणत होता.

‘‘दादा, गाडीत काही नाही. मलाच चालवता येत नाही बहुतेक.’’

तो माझ्यावर चिडला असता तर मी निभावून नेलं असतं. त्याने सगळा दोष स्वतःकडे घेतला होता, कारण माझा सल्ला चुकू शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसलो.

‘‘पाइप मोठा आहे,’’ मी म्हणालो. ‘‘मला तेव्हाच माहीत होतं.’’

त्याने का म्हणून विचारलं नाही. खिशातून मोबाइल काढला.

‘‘मग किती पाहिजे होता?’’

मी सांगितलं. हेडरच्या नळ्या दीड इंचाहून फक्त एक सूत जाड, त्याही आखूड, म्हणजे रस्त्याला घासणार नाहीत. मागचे पाइप सव्वादोन, आणि दोन्हींना जोडणारा एक आडवा पाइप, म्हणजे आवाज मऊ होतो. त्याने मोबाइलवर टिपून घेतलं आणि वर गेला.

चाचांकडे तो एकटाच गेला. मला कळलं ते बाबांकडून. गाडी आता नुसत्या पायाच्या भाराने उचलते, चारमिनारपर्यंत जाऊन आलो, असं बाबा जेवताना सांगत होते. भाऊ समोर बसून वरण वाढून घेत होता. दोन आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मग एका रविवारी कार्ब्युरेटरचं काही विचारायला आला. मी नीट, खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि माझ्यासमोरच चाचांना फोन लावून तेच पुन्हा विचारलं. पलीकडून चाचा खूप वेळ बोलत होते आणि भाऊ ‘हौ चाचा, हौ’ म्हणत हसत होता. मी त्याच्या चहाचा कप उचलून आत नेला. त्यात अजून अर्धा चहा होता.