कडी लावलेलं नाणं

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा पुढे जाईपर्यंत गिरगावातल्या सोनाराने दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या, म्हणून आत बसलेल्या त्या गृहस्थांची आणि माझी गाठ पडली. नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या यादीत एकच काम होतं: आजीचा हार मोडून मुलीच्या लग्नासाठी पाटल्या करायच्या.

हारात पुतळ्यांबरोबर गेल्या शतकातल्या फ्रेंच बादशहाचं एक सोन्याचं नाणं होतं. ते दिसताच गृहस्थांनी आधी रुमालाने बोटं पुसली, मग नाणं कडेने धरून भिंगाखाली घेतलं.

"काका असली नाणी जमवतात," सोनार म्हणाला. "काकूंच्या गळ्यात मात्र काळे मणी."

"तू बोलून घे," काका शांतपणे म्हणाले. "बाई, ह्याला कडी कुणी लावली?"

"आजीने. हारात ओवायला."

"मग जमवणाऱ्याच्या लेखी हे बाद झालं."

"तर वितळवा," मी सोनाराला म्हटलं.

काकांनी नाणं सोडलं नाही. "माझ्याकडे अशी अकरा आहेत, बाई. सगळी कोरी. एकही कधी कुणाच्या गळ्यात राहिलेलं नाही."

सोनाराने फळ्या काढल्या तेव्हा मी नाणं परत मागून घेतलं आणि पाटल्या अर्ध्या तोळ्याने हलक्या करायला सांगितल्या.