मुरबाड रस्त्यावरचा हिरवा

माझा उजवा डोळा गेल्या महिन्यापासून नवा आहे आणि डावा जुनाच. मोतीबिंदू दोन्हींत होता. उजव्याचं ऑपरेशन झालं, आठवडाभर काळा चष्मा लावून डोंबिवलीजवळच्या कोपरच्या घरात भिंतीकडे बघत बसलो, आणि डाव्याची तारीख ठरवायला दवाखान्यातून फोन आला तेव्हा "बघू, गणपती होऊ देत" म्हणून ठेवून दिला. बायकोने एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, मग सोडून दिलं. एकच गोष्ट तीनदा विचारायची तिची सवय नाही.

खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं रंग जुळवले. गिऱ्हाइकाने दिलेला नमुना एका हातात, मशीनमधून निघालेला तुकडा दुसऱ्या हातात, उत्तरेकडच्या खिडकीशी उभं राहायचं आणि पास की फेल एवढंच सांगायचं. फेल म्हटलं की अख्खा माल परत पाण्यात. मग माणसं संध्याकाळपर्यंत राबायची, मनात मला शिव्या घालायची, पण हुज्जत कोणी घालत नसे. माझ्या डोळ्याला तेवढा मान होता, आणि तो मला आवडायचा, हे कबूल करायला हरकत नाही.

आता उजव्या डोळ्याने पाहिलं की घरातला पडदा पांढरा दिसतो, जरासा निळ्याकडे झुकलेला. डाव्याने पाहिलं की तोच पडदा चहा सांडून धुतल्यासारखा. आयुष्यभर पास-फेल केलं ते डाव्यासारख्याच डोळ्यांनी. तोही बदलला की जुनं ताडून बघायला काही उरणार नाही. सगळं चुकलं होतं की बरोबर होतं, कधीच कळणार नाही. ही भीती कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

बायकोचं माहेर मुरबाडच्या थोडं पुढे. दरवर्षी गौरी-गणपतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक दिवस आम्ही कल्याणहून एसटीने तिच्या भावाकडे जातो, जेवतो, पडवळ-भेंडी पिशवीत घेतो आणि परत येतो. त्या दिवसांत एसटीत माळशेजला निघालेली तरुण मंडळी असतात. शहाडचा पूल ओलांडून डोंगर दिसायला लागले की ती मोबाइल काचेला लावून "हिरवंगार, हिरवंगार" करायला लागतात. हिरवंगार म्हणजे नेमकं काय, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. सागाचा हिरवा वेगळा, बांबूचा वेगळा. आमच्या कारखान्यात कोणी नुसतं हिरवा म्हटलं असतं तर त्याला मी जिन्यावर उभा केला असता. मोबाइल तर सगळ्यांवर एकच रंग ओततो.

बायको मात्र मोबाइल काढायची नाही. ती खिडकीला बसायची आणि भातशेतं ओळखायची. लवकर तयार होणारं भात हळवं, उशिरा होणारं गरवं. "ते हळवं, ओंब्या यायला लागल्यात. ते पलीकडचं गरवं." धावत्या एसटीतून, नुसत्या रंगावरून. मला दोन्ही शेतं कापडाच्या एकाच थानातून फाडल्यासारखी दिसायची. एकदा मी चार माणसांत म्हणालो, "अगं, भावाला आधी फोन करून विचारून ठेवतेस आणि इथे शायनिंग मारतेस." मंडळी हसली. तीही हसली. पुढच्या वर्षी तिने परत सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "रंगातलं मला सांगू नकोस. एकच शेड आहे ती."

त्यानंतर कधीतरी तिने सांगणं बंद केलं. कधी, ते मला आठवत नाही, कारण तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आलं तेव्हा वाटलं, शहरात राहून विसरली असेल.

यंदा तिने मला खिडकीपाशी बसवलं. "नवा डोळा आहे, बघा," एवढंच म्हणाली. रायत्याच्या पुलाखाली नदी गढूळ, भरून चाललेली. पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी शेतं सुरू झाली, तेव्हा मी सावरून बसलो. इतका हिरवा मी पाहिला नव्हता. हे मी साठी उलटल्यावर लिहितोय, रंगातच केस पांढरे केल्यावर. पानांमध्ये निळा होता. डोंगराच्या पायथ्याशी तो गर्द होता, वर सागाला पांढरट फुलोरा आला होता तिथे विरळ, आणि बांधावरच्या तेरड्याचा गुलाबी त्याच्या शेजारी एवढा चोख उठत होता की कोणीतरी मुद्दाम शेजारी लावून बघितला असावा. मी हरखलो. काचेला नाक लावलेल्या त्या पोरांत आणि माझ्यात काही फरक उरला नव्हता, आणि मला त्याची पर्वा नव्हती.

गोवेलीच्या पुढे म्हशी रस्त्यात आल्या आणि एसटी थांबली. खिडकीसमोर एक लांबट शेत होतं. मी सवयीने उजवा डोळा झाकला. एकच शेत, एकच रंग. मग डावा झाकला. मध्ये बांध होता. बांधाच्या अलीकडचं भात पिवळ्याकडे झुकलेलं, पलीकडच्यात निळा अजून भरपूर. दोन शेतं होती. आमच्या भाषेत सांगायचं तर सरळ फेल, कोणीही पास केलं नसतं. मी पुन्हा उजवा झाकला, पुन्हा डावा. समोरच्या सीटवरच्या बाई माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या.

मला कारखान्यातलं एक कपाट आठवलं. मूळ नमुने आम्ही काळ्या कागदात गुंडाळून त्या कपाटात ठेवायचो, कारण उजेडात ते हळूहळू पिवळे पडतात. एकदा एक नमुना कोणीतरी टेबलावर उघडा ठेवला होता. महिनोन्‌महिने आम्ही माल त्याच्याशी जुळवत गेलो, तंतोतंत जुळवत गेलो, आणि गिऱ्हाइकाने सगळा परत पाठवला. नमुनाच पिवळा पडलाय, हे शेजारी ताजा तुकडा आल्याशिवाय कळलं नाही. त्या दिवशी मी ज्यांना झापलं, त्यांची तोंडं मला त्या एसटीत दिसली.

मला लाज वाटली. कारखान्याची नंतर, आधी शेजारी बसलेल्या बायकोची.

"यातलं हळवं कुठलं गं?" मी विचारलं.

ती मांडीवरच्या पिशवीची गाठ नीट करत होती. "कशाला?"

"सांग ना."

"तुम्हाला एकच दिसतं ते."

"आता दोन दिसतायत."

तिने वाकून माझ्यावरून बाहेर बघितलं. फार वेळ लावला नाही. "अलीकडचं हळवं," ती म्हणाली. "निसवलंय, ओंब्या बाहेर आल्यात. पलीकडचं दिवाळीला."

उजव्या डोळ्याने तेच सांगितलं होतं. म्हशी गेल्या, एसटी निघाली. मी म्हणालो, "मला वाटलं, तू विसरलीस ओळखायला."

"विसरेन कशी? बापाच्या शेतात वाढले मी."

"मग बोलायची का नाहीस?"

"तुम्ही फेल करत होतात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग तिला डाव्या डोळ्याचं सगळं सांगितलं, नमुन्याचं, कपाटाचं, भीतीचं. तिने मध्येच अडवलं नाही. शेवटी मी म्हणालो, "दोन्ही डोळे नवे झाले की ताडून बघायला माझ्याकडे काही राहणार नाही."

"मी आहे ना," ती म्हणाली. "मला विचारा."

तिथेच एसटीत, खड्ड्यांतून हादरे खात, मी दवाखान्यात फोन लावला आणि डाव्या डोळ्याची तारीख घेतली. गणपतीच्या आधीचीच मिळाली. मग आम्ही जागा बदलल्या आणि खिडकी तिला दिली. मुरबाड येईपर्यंत मी तिला प्रत्येक शेत विचारत गेलो आणि ती सांगत गेली, हळवं, गरवं, परत गरवं. दोन्ही डोळे उघडे ठेवून मी नुसता ऐकत होतो. एकही शेत मी तपासून पाहिलं नाही.