खिशातला कांदा

उन्हाळा लागला की आमच्या घरातून कोणी खिशात कांदा टाकल्याशिवाय बाहेर पडत नाय. ऊन बाधत नाय म्हणतात. आमचे हे चिकलठाण्याला कंपनीत जातात. स्कूटर काढताना रोजची कुरकुर, "अगं, लई वास मारतो. मी कामाला चाललोय का भाजी विकायला?" मी म्हणायची, "मुकाट्यानं ठेवा." लई वर्षांपूर्वी कॅन्सर झाला म्हणून ह्यांची एक किडनी काढलेली. त्यावरही ह्यांचं आपलं चालूच, "आपण सिंगल सिलेंडर, पण ॲव्हरेज बघ!"

गेल्या उन्हाळ्यात ह्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं. घोळणा फुटला, उष्णता झाली, दुसरं काय! मी डोक्यावर गार पाणी थापलं, कांदा फोडून हुंगायला दिला. शेजारच्या चाची सब्जा भिजवून घेऊन आल्या, "गर्मी चढ गई, पिलाओ इनको." फुकटचा पाहुणचार म्हणून हे ग्लासावर ग्लास प्यायले.

मग पाऊस लागला, गारवा आला, तरी उशीवर रक्त. आता कुठली आली उष्णता? मी ह्यांना ओढतच नाकाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी विचारलं, आधी काही आजार, ऑपरेशन? हे म्हणतात, "नाकाचं ना? काही नाय." मी कोपरानं ढोसलं, "अहो, किडनीचं सांगा की!"

नाकातला तुकडा तपासला, तर किडनीचाच कॅन्सर निघाला. रक्तावाटे कुठंही जाऊन बसतो, इतक्या वर्षांनीसुद्धा, असं डॉक्टर म्हणाले. हे म्हणतात, "बघा साहेब, मी जन्मभर चिकलठाणा सोडून बदली घेतली नाय, आन् ह्या पठ्ठ्यानं पार नाकात घेतली!" रिक्षात मात्र माझा हात सोडेनात. भीती वाटतीय का विचारलं, तर नुसतं "व्हय" म्हणाले.

ऑपरेशन झालं, गोळ्या चालू आहेत. पुढचं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. वास येणं मात्र कायमचं गेलं. शेजारी दूध करपलं तरी ह्यांना पत्ता नसतो.

यंदा ऊन तापल्यावर हे पुन्हा कामावर निघाले. मी सवयीनं कांदा खिशात टाकला. कुरकुर न करताच हे स्कूटरला किक मारायला लागले. मला राग आला का रडू, काही कळेना. मी ओरडलेच, "अहो, काहीतरी बोला की!"

हे थांबले. खिशाकडं मान वाकवून जोरात हुंगलं आन् तोंड वाकडं करून म्हणाले, "अगं, लई वास मारतो."