साबणाच्या रेघा

कारखान्यात तिला सगळेच मावशी म्हणत. सुपरवायझरबाई म्हणायच्या, इस्त्रीवाला म्हणायचा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा वॉचमनही बिनदिक्कत म्हणायचा. खरी भाची मात्र एकच, धाकट्या बहिणीची मुलगी. ती नुकतीच कामाला लागली होती आणि तिला मावशीच्या शेजारचं मशीन मिळालं होतं.

काम ऐकायला सोपं. गोधडीच्या नक्षीसाठी पांढरे आणि रंगीत चौकोन मिळायचे. ते तिरके कापून त्रिकोण करायचे आणि पांढऱ्या त्रिकोणाला रंगीत त्रिकोण जोडून पुन्हा चौकोन करायचा. पण अशी उरेब, तिरकी कापलेली कड मशीनखाली ताणते, चौकोन वाकडा होतो, की बसा उसवत. दिवसाला असे दोनशे. बायकांचे खांदे भरून यायचे.

मावशीने ही कटकट बारा वर्षांपूर्वीच आपल्यापुरती मिटवली होती. ती आधी कापायचीच नाही. एक पांढरा आणि एक रंगीत चौकोन एकावर एक ठेवायचे, वाळक्या साबणाच्या तुकड्याने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिलाई घालायची आणि शेवटी रेघेवरून कात्री. उघडलं की दोन चौकोन तयार, कड ताणायचा प्रश्नच नाही. इस्त्री फिरली की साबणाची रेघ गायब.

तीनच्या सुमाराला तिचे दोनशे पुरे व्हायचे. मग ती गठ्ठे लावायच्या निमित्ताने कापडाच्या थप्प्यांमागे जायची आणि अर्धा तास गाढ झोपायची. घरी नवऱ्याला अर्धांग झालेलं. रात्रभर दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागे. दिवसरात्रीतली गाढ झोप म्हणाल तर ती एवढीच. ही युक्ती तिने कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर दोनशेचे चारशे व्हायला वेळ लागला नसता, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

भाचीचे मात्र काही केल्या सव्वाशेच्या वर जाईनात. ठेवायचं की नाही ते महिनाअखेरीला बघू, असं बाई म्हणाल्या. बहीण गेल्यापासून तिच्या घरात या पोरीशिवाय कमावतं कुणी नव्हतं.

"हे घे," मावशीने तिच्या हातात साबणाचा तुकडा ठेवला. "बघून ठेव. कुणाला बोलायचं नाही, आणि लवकर आटपलं तरी आटपलं म्हणायचं नाही."

पोरगी चलाख. तीन दिवसांत दोनशेला पोहोचली. चौथ्या दिवशी तुकडा मोडून मशीनखाली कुठे गेला कुणास ठाऊक, आणि या शहाणीने पर्समधलं बॉलपेन काढलं. इस्त्रीची वाफ लागताच शाई पसरली आणि पांढऱ्या कापडावर निळे ओघळ उमटले.

बाईंनी तो चौकोन खिडकीशी धरला. "ही रेघ कसली? एवढं कापड नासवलंस! उद्यापासून येऊ नकोस."

भाचीचा चेहरा पडला, पण तिने मावशीकडे पाहिलं नाही. मावशीने पुढचे दोन चौकोन मशीनखाली सरकवले. उगाच खोटं कशाला सांगायचं, चांगली मिनिटभर शिवत राहिली. तिला थप्प्यांमागची जागा दिसत होती. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बाई, रेघ मारायला मी शिकवलंय. तिचं एवढंच चुकलं की पेनाने मारली."

मग बाईंच्या देखत तिने दोन चौकोन घेतले आणि सगळं करून दाखवलं. बाई बघतच राहिल्या. "मावशी, एवढी अक्कल बारा वर्षं दडवून ठेवलीत?"

भाचीची नोकरी वाचली. सोमवारी भिंतीवरच्या कागदावर दोनशे खोडून साडेतीनशे लिहिलेलं होतं. डब्याच्या वेळी कुणी मावशीच्या शेजारी बसलं नाही. तिलाही कुणाचा राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

आता तीन वाजले की तिची मान आपोआप खाली झुकते, आणि समोर दीडशे शिल्लक असतात. काल भाचीने तिच्या ढिगातले तीसेक चौकोन आपल्याकडे ओढले.

"मावशी, जरा डोकं टेक मशीनवर. बाई आल्या तर मी खोकेन."

मावशीने डोकं टेकलं. टेबल थरथरत होतं, ओळीतली सगळी मशीनं कानात खडखडत होती. इथे झोप लागणार नाही, हे तिला डोकं टेकतानाच ठाऊक होतं. तरी ती डोळे मिटून निपचित पडून राहिली, झोप लागली असं पोरीला वाटावं म्हणून.