गळ आणि लंगोट

आमचं माहेर-सासर दोन्ही कर्जतकडचं. तिकडं धुणं वाळत घातलं की भाकरी होईस्तोवर खडखडीत. दुष्काळाच्या आदल्या वर्षी यांची बदली झाली अकोले तालुक्यात, पार वरच्या अंगाला, धरणाजवळ. तिथं पाऊस लागला की आठ-आठ दिवस उन्हाचं दर्शन नाही. मीठ पाघळायचं, काड्यापेटी पेटायची नाही, आणि पोरगी चार महिन्यांची. दिवसाला किती लंगोट लागायचे ते आईलाच ठाऊक.

त्या खोलीत कोरडी जागा एकच, माझ्या चुलीवरची दोरी. तिच्यावर लंगोट.

यांना तिथं गेल्यावर गळ टाकायचं वेड लागलं. मासे क्वचितच यायचे, गळांची बडदास्त मात्र रोज. दमट हवेनं गळ गंजायचे आणि यांचं तोंड उतरायचं. आधी गळ राखेत ठेवले. राख ओली झाली आणि गळ आणखीच तांबडे. मग डब्यात माझे तांदूळ घातले, गळ सुकावेत म्हणून. त्या तांदळाला मासळीचा असा वास लागला की कोंबड्यांपुढं टाकावे लागले. मग गोडेतेल. रेशनचं तेल मी फोडणीला थेंब थेंब मोजून घालायची आणि हे बोटानं गळांना चोळायचे.

शेवटी नजर गेली माझ्या दोरीवर. एका चिंधीला ओळीनं गळ टोचले आणि चिंधी टांगली लंगोटांशेजारी.

"अहो, तिथं नका अडकवू. लेकराची कापडं हायेत."

"कडंला तर हाय. धुरात लई झकास राहतील."

मी दोनदा काढून ठेवली, यांनी दोनदा परत लावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि चिंधी कुठली, तर मामंजींच्या जुन्या धोतराची. लंगोटही त्याच धोतराचे फाडलेले. धुरानं दोन्हींचा रंग सारखाच झालेला.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी पोरगी ओली होऊन रडत होती, चूल धुमसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. दोरीवरनं हाताला आलं ते ओढलं, चौघडी केली आणि पोरीखाली सारलं. अशी किंचाळली की काळजात चर्र झालं. उचलून बघते तर मांडीवर लांब ओरखडा, रक्त आलेलं, आणि चिंधीतून गळाचं टोक बाहेर.

हे नदीवर. ओढ्याला पूर, एसटी बंद, दवाखाना ओढ्यापलीकडं. माझ्या डोक्यात एकच शब्द, धनुर्वात. आमच्या भावकीतलं एक लेकरू त्यानं गेलं होतं, त्याचं आवळलेलं तोंड मी पाहिलं होतं. पोरीची जखम साबणानं धुतली, तिला छातीशी धरलं आणि तो गळ घेऊन काचेच्या कौलाखाली गेले. फिरवून फिरवून बघितला. नखानं खरवडला. पदराला पुसून पदर बघितला.

कुठं तांबडा ठिपका नाही. नव्या सुईसारखा लखलखीत, तेलाचा हात फिरवलेला.

मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाच असा संताप आला की मी तिथंच बसून रडले. अख्खा पावसाळा ज्या पुसापुशीवर दात-ओठ खाल्ले, आज तिचाच आधार घ्यायचा.

हे आले. मांडी बघितली आणि ओल्या अंगानंच खाली बसले. म्हणाले, "समदे नदीत टाकून येतो."

"टाका. आन् येत्या बाजाराला नवे आना. तुमचा सोभाव मला ठावं न्हाई व्हय?"

खरंच होतं ते.

ओढा उतरेपर्यंत मी पोरीला पाजताना तिचं तोंड नीट उघडतंय का तेवढंच बघत होते. वाट मोकळी झाल्याबरोबर दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं. पोरीला काही झालं नाही.

चिंधी मी चुलीत घातली, गळ डब्यात बंद करून फळीवर ठेवले. आणि त्या दिवसापासून ते पुसायचं काम मी यांच्याकडून काढून घेतलं. रोज जेवणं आटोपली की एकेक गळ उजेडात धरून बघायची, तेल लावायची. तेल थोडं जास्तच घालायची. हे हसायचे, "आता तुला बी गोडी लागली म्हनायची."

पोरगी रांगायला लागली होती, आणि यांच्या पुसण्यावर तिचा जीव सोपवायला मी तयार नव्हते.