जिन्याला शिवलेला पट्टा

आमच्या गल्लीत जुने कपडे उसवून ढिले-घट्ट करून देणारी एक बाई आहे. समोर कोणीही आलं की आधी तिची नजर त्याच्या कमरेवर जाते आणि ती म्हणते, "दोन इंच सोडावे लागतील." त्यावरून तिचं नावच 'दोन इंच' पडलं. माझ्या बाबतीत ती चार म्हणाली होती, पण तो विषय आपण इथे काढायला नको.

ही पहिल्या मजल्यावर भाड्याने राहते, आईसोबत. म्हातारीची नजर गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. रोज चार वाजले की ती एकटी चौदा पायऱ्या उतरायची आणि खालच्या किल्लीवाल्याच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची. कोणी हात पुढे केला की झटकायची. "हाताला धरून न्यायला मी काय पिशवी आहे?"

एक दिवस भिंतीवरचा लाकडी कठडा तिच्या हातातच आला. वाळवीने आतून पोखरला होता. जिन्याला दोन्ही बाजूंनी भिंत, म्हणजे बाजूला पडायला जागा नाही आणि धरायलाही काही नाही. लेकीने घरमालकाला फोन केला.

"उद्याच माणूस पाठवतो, ताई."

त्याचा उद्या तीन आठवडे उजाडला नाही. म्हातारी वरच बसून राहिली. आधी तिने खाली कोण आलं-गेलं ते विचारणं सोडलं. मग जेवणाला नावं ठेवणं सोडलं. तेव्हा मात्र लेक घाबरली. आई मुकाट्याने जेवते म्हणजे काय!

तिने पँटच्या पट्ट्यात घालतात ते कडक कापड घेतलं, चार पदर एकत्र शिवले आणि दर पायरीला एक बटण लावलं, हाताने मोजता यावं म्हणून. भिंतीत जुन्या कठड्याच्या दोन लोखंडी कड्या उरल्या होत्या, एक जिन्याच्या वरच्या टोकाला, एक खालच्या; त्यांना पट्टा बांधला. आईने तिसऱ्या बटणावर भार टाकला मात्र, पट्टा मध्ये लोंबला आणि म्हातारी धप्पकन पायरीवर बसली.

"माप चुकलं का गं?"

"नाही गं आई..." लेक रडकुंडीला आली. "सवयीने दोन इंच ढिला ठेवला."

म्हातारी पोट धरून हसायला लागली. "अगं, जिना काय जेवून फुगणार आहे?"

तीन आठवड्यांनी ते हसू ऐकलं आणि किल्लीवाला हातातलं काम टाकून दारात आला. लेकीने तिथेच बसून पट्टा उसवला, ताणून शिवला, पुन्हा कड्यांना बांधला आणि म्हातारी परत सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

नेमका तेव्हाच घरमालक आला. किल्लीवाल्याने सकाळी त्याला फोनवर सांगितलं होतं, लोक तुमच्या जिन्याचे फोटो काढतायत. एकाने काढला होता खरा. कोणी, ते मी सांगणार नाही.

तो सहा पायऱ्या चढला, तोवर वरून म्हातारी निघाली होती.

"कोण आहे?"

"मी, मालक."

"अगंबाई! आहात का तुम्ही? आम्हाला वाटलं, नुसता फोनच आहे!"

"आजी, थांबा, मी हात देतो."

"हात नको. बाजूला व्हा."

पण बाजू होतीच कुठे? तो वळला असता तर त्याची पाठ तिच्याकडे झाली असती, आणि ही घसरली तर? म्हणून तो तोंड तिच्याकडे ठेवून उलट्या पावलांनी उतरू लागला, दोन्ही हात पसरून, तिला न शिवता. वर लेक ओढणीचं टोक दातात धरून उभी. एक पाऊलही तिने पुढे टाकलं नाही.

चौदाव्या बटणानंतर म्हातारीने रस्त्यावर पाय ठेवला, बाक चाचपला आणि बसली. मालक घामाघूम.

"बसा," ती शेजारची जागा थोपटत म्हणाली. "जरा चौकशी करायची आहे तुमची."

तो तासभर बसला होता. नवा कठडा चौथ्या दिवशी लागला.