पडलेली टकळी

लकव्यानंतर हाताच्या व्यायामासाठी आलेल्या आजोबांच्या घोंगडीचा वास आला आणि माझ्या दवाखान्यात जणू एकदम अण्णाच येऊन बसले.

अण्णांना लकवा मारला तेव्हा मी नववीत होते. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा निरोप उजव्या हाताकडे नेणारी वाट बंद झालीय. जन्मभर मेंढरं राखलेले माझे वडील जड जिभेनं म्हणाले, "वाट बंद हाय म्हणून मेंढरं कोंडून ठिवतो का आपण? दुसरीकडून नेतो."

घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळपासून ते लोकर कातायची टकळी डाव्या हातानं उजव्या मुठीत बसवू लागले. ती पडायची. मी वाकले की ओरडायचे, "हात लावू नको! तू उचललीस तर मेंदूला कसं कळंल?" धुळीतली टकळी उजव्याच हातानं उचलायची धडपड अर्धी सकाळ चालायची. मला त्या हट्टाचा लई राग यायचा. पोळ्याच्या सुमारास त्यांचा अंगठा हलला. मेंदू खरंच नवी वाट पाडतो, हे मी पुढं पुस्तकात वाचलं.

आजोबांच्या हातातला चेंडू पडला. त्यांची लेक पटकन वाकली. मी तिचं मनगट धरलं.

"थांबा ताई. त्यांना उचलू द्या."